एकतीस घरांचा उजेड

आमच्या आग्वा चिका गावातली वीज आपणहून कधी गेली नाही. माणसं गेली.

लिबोरिया कालपानचायची गोष्ट एवढ्यात आटोपली असती, पण मग त्यातला माझा भाग सांगायचा राहिला असता, आणि तो सांगायचा म्हणून तर मी बसलोय. माझी खाली हुहुई शहरात बेकरी आहे. पहाटे उठून पीठ मळणारा माणूस लिहिण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. पण गेल्या नोव्हेंबरपासून मळताना हात चालतात आणि डोकं भलतीकडेच असतं. परवा पावात मीठ घालायचं विसरलो. बायको म्हणाली, जे काय डोक्यात आहे ते एकदा कागदावर काढ आणि गिऱ्हाइकांना सोड.

गाव वर पठारावर आहे, जिथं झाड औषधालाही सापडायचं नाही. तारेवरची वीज पायी दोन दिवसांवरच्या अब्रा पाम्पापर्यंत आली आणि तिथंच दमली. मी बारा वर्षांचा असताना सरकारी योजनेची माणसं तीन ट्रक भरून काचा घेऊन आली. शाळेमागच्या उतारावर त्यांनी सोलर पॅनल उभी केली, शेजारी मातीच्या विटांची खोली बांधून तिच्यात बॅटऱ्या मांडल्या, आणि तिथून एकतीस घरांना वायर नेली. शाळेच्या उत्तरेच्या भिंतीला, आमच्याकडे ऊन त्याच बाजूने येतं, काळा रंग फासून पुढं काच बसवली. ती भिंत दिवसभर ऊन प्यायची आणि संध्याकाळी वर्गात ऊब सोडायची. न्हाणीघरावर गरम पाण्याचं पिंप आलं. चौकात आरशांची भट्टी आली, तिच्यात लाकडाशिवाय पाव भाजायचे. शेणीसाठी मैल मैल हिंडणाऱ्या आमच्या बायका पहिले आठ दिवस त्या भट्टीकडे नुसत्या संशयाने बघत बसल्या.

हे सगळं सांभाळायला गावातलं एक माणूस हवं होतं. शाळेत सभा भरली. पुरुष छाती काढून पुढं झाले, पण योजनेच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, बारा महिने गावात कोण असतं? कोणी सहा महिने खाणीत, कोणी ऊसतोडीला. पुढं आलेले सगळे एकेक पाऊल मागं सरले. तेव्हा मागच्या बाकावरून लिबोरियाने हात वर केला. तिचा नवरा तेओफिलो लग्नानंतर चौथ्या वर्षी शिशाच्या खाणीत गेला तो परत आलाच नाही. मूलबाळ नव्हतं. ती तेव्हा चाळिशीची होती.

"मला कुठं जायचंय?" ती म्हणाली. सगळे हसले. तीही हसली. ते हसण्यासारखं नव्हतं हे मला आता कळतंय.

बारा दिवसांत तिने सगळं शिकून घेतलं. ओल्या हाताने कशालाही शिवायचं नाही असं साहेबांनी सांगितलं, तर ही बाई दुपारपर्यंत हातच धूत नसे. सूर्य वर यायच्या आत लामाच्या लोकरीचा ब्रश घेऊन ती उतारावर जायची आणि प्रत्येक काच कोरडी पुसायची. पाणी घेतलं तर ते काचेवर गोठतं, आणि ऊन तापल्यावर गार पाणी लागलं तर काच तडकते. नव्वद काचा. चोवीस वर्षं. वादळाच्या दिवशी मातीने माखलेल्या काचा दुसऱ्यांदा पुसायची आणि वाऱ्याला अशा शिव्या घालायची की शाळेत मास्तर खिडकी लावून घेत.

प्रत्येक घराला रोजचा विजेचा ठरलेला वाटा असे. आम्ही त्याला शिधा म्हणायचो. वाटा संपला की त्या घरातला दिवा आपोआप जाई आणि घरधनी काळोखात चाचपडत लिबोरियाच्या दारात येई. मग आधी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. काय रे, दिवसा पण दिवा लावून बसला होतास का, सूर्य दिसत नाही का तुला? एवढं ऐकून घेतलं की दुसऱ्या कोणाचा तरी उरलेला शिधा ती याच्या नावावर वळवून द्यायची. आमच्याकडे उसनं मीठ मागत नसत, उसना उजेड मागत. बेनिता विल्तेच्या लग्नात सगळ्या गल्लीने आपापला शिधा तिला दिला. त्या रात्री एकाच घरात दिवे आणि गाणं, आणि बाकीचं गाव अंधारात उभं राहून नाचत होतं.

माझी आई मी नऊ वर्षांचा असताना गेली. बाप लामांच्या कळपामागे रानात. लिबोरिया आईची मैत्रीण, म्हणून माझी मावशी. जेवायला मी तिच्याचकडे असायचो. ती मक्याच्या कण्यांची लिंबू पिळलेली खीर करायची, तिला आंची म्हणतात, आणि मला वाढताना भांड्याच्या तळाशी धरलेली खरपुडी पण खरवडून द्यायची. चौकातल्या भट्टीवर पाव करायला तिनेच शिकवलं. आरसा कसा वळवायचा, पाव कधी फिरवायचा, वासावरून कसं ओळखायचं. आज मी ज्याच्यावर पोट भरतो, बायकोमुलींचं भरतो, ते सगळं तिथलं आहे. वीस वर्षांचा झालो तेव्हा गाव सोडलं. घराची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि म्हटलं, कार्निव्हलच्या सणाला येतो.

गाव सोडणारा प्रत्येक जण असंच करायचा. बॅटरीच्या खोलीत भिंतीवर एकतीस मीटर होते, प्रत्येकाखाली एक बटन. त्या बटनाखाली मावशीने खिळा ठोकला आणि ज्याची त्याची किल्ली त्याच्या मीटरखाली टांगली. सुरुवातीला दोन किल्ल्या होत्या, मग पाच, मग अकरा. माझी एकोणीस नंबरची. शाळा बंद झाली त्या वर्षी एकदम सहा आल्या. शेवटी चोवीस किल्ल्या झाल्या आणि सात घरं राहिली. सात घरांत नऊ माणसं, त्यातली दोघं बहिरी.

आणि वीज मात्र उतू जात होती. एकतीस घरांसाठी बांधलेलं ते सगळं. सात घरांना कितीशी लागणार? सकाळी दहालाच बॅटऱ्या भरून जायच्या आणि नंतरचं ऊन नुसतं काचांवर पडून राहायचं. वाया जाणारं ऊन मावशीला बघवत नसे. ती उरलेली वीज पाण्याच्या पिंपाला जोडून द्यायची आणि दारोदार जाऊन सांगायची, चला, पाणी तापलंय, आंघोळीला चला. म्हातारी माणसं किती आंघोळी करणार? मग ती एकटीच जायची. मला एकदा फोनवर म्हणाली, "सेले, पठारावर माझ्याइतकी स्वच्छ बाई शोधून सापडायची नाही. बघायला तेवढं कोणी नाही." माझं नाव सेलेदोनियो, सेले म्हणणारी ती एकटीच उरली आहे.

योजनेचा नियम होता, निदान दहा घरं चालू हवीत. त्याखाली गेली तर सगळी पॅनल, शाळेच्या भिंतीची काचसुद्धा, उचलून दुसऱ्या गावाला नेणार आणि उरलेल्या घरांना एकेक छोटं पॅनल, एकेक दिवा देणार. म्हणजे गरम पाणी नाही, शाळेची उबदार खोली नाही, जिथं हिवाळ्यात ही नऊ माणसं दिवसभर एकत्र बसायची. त्या खोलीत बसायचं म्हणूनच ती एकमेकांना भेटायची. नाहीतर त्या थंडीत दार उघडायचं कोणाच्या जिवावर येत नाही?

तर मावशीने लबाडी केली. महिन्याच्या कागदावर तिने सातच्या जागी चौदा घरं चालू दाखवली. त्यासाठी बंद घरांपैकी सात निवडली, रोज संध्याकाळी कुलूप उघडून दिवा लावायचा, वेळेवर बंद करायचा. बाई हुशार. रोज सारखाच आकडा दिसला तर शंका येईल म्हणून एका घरात दोन दिवे, एका घरात एक आणि रेडिओ, रविवारी जरा उशिरापर्यंत. हळूहळू तिला त्याची गोडी लागली. संध्याकाळी गल्लीतून चाललं की या घरात उजेड, त्या घरात कोणीतरी बातम्या वाचतंय, पलीकडे गाणं लागलंय. सगळी घरात आहेत, जेवायच्या तयारीत आहेत असं वाटायचं. हे तिने स्वतः सांगितलंय मला, आणि सांगताना लाजली पण नाही.

उरलेली सतरा घरं तिने प्रामाणिकपणे बंद दाखवली. शून्य, शून्य, शून्य. आणि तिथंच घोडं अडलं.

नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी आमच्याकडे गेलेली माणसं घरी येतात आणि दोन तारखेच्या दुपारी परत जातात. त्यांच्यासाठी ताट मांडून ठेवायचं, त्यांच्या आवडीचं, शिडीच्या आणि पाखरांच्या आकाराचे पाव करायचे, आणि रात्रभर घर उजेडात ठेवायचं. जिवंत माणसं गाव सोडून गेली म्हणून मेलेली कुठं जाणार? ती आपल्याच घरी येणार. घराची माणसं खाली शहरात, दार बंद, आत काळोख. मावशीला हे पटेना. म्हणून दर वर्षी त्या दोन दिवसांत ती एकतीसही बटनं दाबायची. सतरा बंद घरांचे मीटर वर्षभर मेल्यासारखे आणि दोन दिवस चालू. कागदावर ते लपवावं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. त्यात लबाडी काय होती? ती तर खरोखरची माणसं होती.

आकडे बघून ऑफिसातल्यांना वाटलं, वायरमध्ये कुठंतरी गळती आहे. गळती शोधायला मार्चमध्ये रोक्साना नावाची इंजिनिअर बाई वर आली. तरुण, समजूतदार, पठाराच्या उंचीने डोकं धरलेली. मावशीने तिला त्यावर उतारा म्हणून कोकाची पानं चघळायला दिली आणि शेजारी बसवून सगळी हकिगत सरळ सांगून टाकली, की गळती नाही बाई, पाहुणे येतात. इंजिनिअर बाई मग म्हणाली, जी घरं चालू आहेत ती तरी दाखवा. दोघी गल्लीतून निघाल्या. पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या कुलपाआड रेडिओवर हवामान सांगत होते. इंजिनिअर बाई दाराला कान लावून उभी राहिली आणि मग परत बॅटरीच्या खोलीत जाऊन किल्ल्या मोजत बसली.

ती वाईट नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. तिच्या यादीत दुसरं एक गाव होतं, चाळीस घरांचं, जिथं मुलं रॉकेलच्या धुरात अभ्यास करत होती. तरीसुद्धा तिने जूनअखेरपर्यंत मुदत दिली. गाव सोडून गेलेल्या तीन घरांनी लेखी द्यावं, की वर्षातले आठ महिने आम्ही इथं राहू. सात आणि तीन दहा. मग काचा जिथल्या तिथं राहतील.

गावात फोन लागत नाही. खिंडीपाशी दगडांची रास आहे, येणारा जाणारा तिच्यावर एक दगड ठेवतो, तिथं उभं राहिलं तर लागतो. चौसष्ट वर्षांची बाई रोज दुपारी तो चढ चढायची आणि एकेका किल्लीला फोन करायची. सगळे तिच्याशी गोड बोलले. लिबोरिया, किती दिवसांनी, तब्येत कशी आहे, घराचं छप्पर ठीक आहे ना? कागदाचं काढलं की प्रत्येकाला काहीतरी आठवायचं. कोणाचा गुडघा, कोणाची सून, कोणाच्या मुलाची परीक्षा. कार्निव्हलला नक्की येतो म्हणाले सगळे. तरी दोन सह्या मिळाल्या. खाणीतून निवृत्त झालेला नाझारियो परत यायला तयार झाला, आणि वीटभट्टीवरचं काम गेलेलं एक जोडपं. तिसरी सही राहिली.

मे महिन्यात मला फोन आला. वाऱ्याचा आवाज इतका की अर्धे शब्द उडून जात होते. तिने मला सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाली, "तुला खरंच राहायचं नसेल तर नको राहूस. पण मग तसं सांग. मी दुसरीकडे बघते, अजून पाच नंबर राहिलेत."

"हो मावशी," मी म्हणालो. "पाठव कागद. करतो सही."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही, होतं एवढंच.

आठवड्याचा ट्रक चालवणारा फिदेल कागद घेऊन आला. मी तो गल्ल्याखालच्या खणात ठेवला. संध्याकाळी वाचला. खाली सही करणारा शपथेवर सांगतो की, असं त्यावर होतं. मला इथं दोन मुली शाळेत, बायकोचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे, भट्टीचं कर्ज नुकतं फिटलेलं. आठ महिने मी वर काय म्हणून राहणार? खोटी शपथ कशी घ्यायची? मला स्वतःचा प्रामाणिकपणा त्या दिवसांत फार आवडायला लागला होता. त्याच्या आड आणखी एक गोष्ट होती, ती मी बायकोलाही सांगितली नाही. मला वाटायचं, उजेड गेला की मावशी खाली येईल. मागची खोली रिकामीच आहे. येईल, भट्टीपाशी उबेला बसेल, मुलींना आंची करून घालेल. मी तिचं भलंच करतोय असं स्वतःला पटवून मी रोज तो खण उघडायचो, सुट्टे पैसे काढायचो आणि बंद करायचो.

तिने आठवण केली नाही. जूनच्या मध्याला फिदेलकडून एवढाच निरोप आला, की सेलेला म्हणावं, एवढी शाई लागते का एका नावाला? मी हसलो आणि फिदेलला दोन गोड पाव दिले. तीस जून गेला.

जुलैत ट्रक आले. मी तिथं नव्हतो, फिदेल होता. तो म्हणाला, तुझ्या मावशीने माणसांना काचांना हात लावू दिला नाही. सगळे नट तिने स्वतः सोडवले, कुठला कुठं गंजलाय तिलाच माहीत. नव्वदच्या नव्वद काचा ब्रशने पुसून मगच ट्रकात चढवू दिल्या. लोकांच्या घरी मळकी वस्तू पाठवायची का, म्हणाली. शेवटचा ट्रक वळणाआड गेल्यावर ती बॅटरीच्या रिकाम्या खोलीत गेली आणि किल्ल्या तेवढ्या घेऊन बाहेर आली. मीटर योजनेचे, ते गेले. खिळे तिचे होते.

मी फिदेलकडे निरोप पाठवला, मावशी, आता खाली ये, खोली तयार आहे. उत्तर आलं, किल्ल्या कोण सांभाळणार?

गेल्या नोव्हेंबरला मी वर गेलो. सोळा वर्षांत चौथ्यांदा, त्यातला एक फेरा बापाच्या मयताचा. टोपलीत शिडीचे पाव, पाखरांचे पाव, आईसाठी एक देवदूत. दुपारच्या आत पोचायचं होतं, पाहुण्यांच्या आधी, पण वाटेत टायर फुटलं आणि आग्वा चिकाला उतरलो तेव्हा ऊन डोंगराच्या शेंड्यावर राहिलं होतं. शाळेमागच्या उतारावर लोखंडी पाय तेवढे ओळीने उभे होते. शाळेची काळी भिंत होती, पण तिच्यापुढची काच नव्हती आणि आत कोणी नव्हतं. वर्गात बाकं भिंतीला लावून ठेवली होती. न्हाणीघराच्या पिंपाला हात लावून बघितला, गार. चौकातली आरशांची भट्टी त्यांनी का कोण जाणे सोडून दिली होती, तिच्यावर धूळ बसली होती. मी बाहीने एक आरसा पुसला आणि त्यात दिसलेला माणूस मला आवडला नाही.

सात घरांच्या धुराड्यांतून धूर निघत होता. नाझारियो आलाच नाही, ते जोडपंही नाही; दहा होत नाहीत म्हटल्यावर ती कशाला येताहेत? मावशीच्या घरी गेलो तर दार बंद. सगळी गल्ली अंधारत चाललेली आणि पुढं एकाच खिडकीत उजेड दिसला. जवळ गेल्यावर लक्षात आलं, ते माझं घर.

दार ढकललं. मावशी पाठमोरी उभी होती. टेबलावर काळं कापड, त्यावर तिचा तो एकुलता एक दिवा, छोट्या पॅनलवर दिवसा भरून घ्यायचा, कडी धरून न्यायचा. बापाच्या नावाने कोका आणि घोटभर दारू, आईच्या नावाने उकडलेला मका आणि बकरीचं चीज. तिने मागं वळून बघितलं. दचकली नाही.

"उशीर केलास," ती म्हणाली. "बाकीचे दुपारीच आले."

ती वाळली होती. चेहरा तसाच उन्हाने रापलेला, फक्त हात धुतलेले होते. आता हात कोरडे ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. मी टोपली उतरवली, पाव मांडले, आईचा देवदूत चीजशेजारी ठेवला. तेव्हा मला तिसरं ताट दिसलं. त्यात आंची होती. कडेला भांड्याच्या तळाची खरपुडी वेगळी काढून ठेवलेली.

"हे कोणाचं?"

"तुझं."

"मावशी, मी जिवंत आहे."

"असशील," ती म्हणाली. "मला इथून काय कळतंय? जो गेला आणि आला नाही त्याचं मी मांडते. त्याने बसने यावं नाहीतर वाऱ्याने यावं, वाढलेलं असलं म्हणजे झालं."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा मारताना तिचा आवाज चढतो, आणि या वेळी चढला नव्हता. ती चोवीस घरांत ताटं मांडून आली होती आणि प्रत्येक घरात दिवा थोडा थोडा वेळ ठेवत फिरत होती, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, मग पुन्हा खालून. पाव तास एका घराला. रात्रभर असं फिरलं की प्रत्येक घराला दोनदा उजेड मिळतो, हिशोब करून बघितला म्हणाली. मी म्हणालो, मेणबत्त्या लाव की. ती म्हणाली, वारा आहे, गवताची छपरं आहेत, आणि बंद घरात पेटती वस्तू ठेवून जायची माझी छाती नाही.

मला भूक लागली होती आणि रडूही येत होतं, आणि त्यातलं आधी काय आवरावं ते कळेना. मी आंचीच्या ताटाकडे हात नेला. तिने हातावर चापट मारली, लहानपणी मारायची तशीच.

"उद्या दुपारी. पाहुणे उठल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. सगळं विसरलास खाली जाऊन."

"पण हे तर माझंच ना?"

"मग पाहुण्यासारखा बस."

मी बापाच्या खुर्चीवर बसलो. बराच वेळ ती आईच्या ताटातला मका सारखा करत राहिली. मग मी म्हणालो, "मावशी, तो कागद..." मुली, शाळा, शपथ, सगळं ओठावर आलं आणि तिथंच राहिलं.

"त्या चाळीस घरांना दिवे मिळाले," ती म्हणाली. "फिदेलने बघितलं. काचा कोण पुसतं म्हणून मी विचारलं, तर एक पोरगी आहे म्हणे. सांगून पाठवलंय तिला, पाणी लावू नकोस." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तू नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं, सेले. माझ्याकडे अजून पाच नंबर होते. तू हो म्हणालास, म्हणून मी फोन करायचे थांबवले."

तिने दिव्याची कडी धरली, दिवा उचलला, आणि टेबलावरच्या तिन्ही ताटांच्या सावल्या भिंतीवरून सरकत गेल्या.

"मी येऊ बरोबर?" मी विचारलं.

"नको. घरात कोणीतरी हवं ना," ती म्हणाली. "मध्यरात्र उलटली की परत आणते दिवा. वर अजून बारा घरं राहिलीत."

दार ओढून घेऊन ती गेली. तिची पावलं गल्लीत थोडा वेळ ऐकू आली, मग कुलूप उघडल्याचा आवाज, आणि शेजारच्या विल्त्यांच्या खिडकीत उजेड आला. मी अंधारात तीन ताटांपुढं बसलो होतो. आंचीला लिंबाचा वास येत होता. मी हात लावला नाही, तिची वाट बघत राहिलो.